पूरबोटीचं ओबीएम : ऑक्टोबर ते जुलै

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

पाऊस सरला. मंडळाच्या बोटीचं ओबीएम, म्हणजे मागच्या फळ्याला टांगायचं आउटबोर्ड इंजिन, तालमीच्या मागच्या खोलीत स्टँडवर उभं केलं. २५ अश्वशक्ती, चार स्ट्रोक, दोन सिलिंडर, कार्बोरेटरचं. या पावसाळ्यात सरावाला आणि पलीकडच्या वस्तीवर वैरण, दुधाचे कॅन पोचवायला वापरलं, तेवढंच. आता जूनपर्यंत त्याला काम नाही.

देखभालीचं पुस्तक तासांत बोलतं. दर १०० तासांनी हे बदला, ३०० तासांनी ते तपासा. पूरबोटीच्या इंजिनाचे १०० तास भरायला कितीतरी पावसाळे जातील. पण तक्ता नीट वाचला तर तासांच्या शेजारी दुसरा रकाना आहे : सहा महिने, एक वर्ष. आणि वर एक ओळ आहे, ‘यापैकी जे आधी येईल ते’. आपल्याला हाच रकाना लागू होतो, आणि बहुतेक गावांत नेमका हाच वाचला जात नाही.

आज तक्त्याच्या दोन याद्या केल्या. चालून झिजणाऱ्या गोष्टी एकीकडे : पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्हची फट, प्लग. बसून बिघडणाऱ्या दुसरीकडे : पेट्रोल, ऑइल, रबर, ग्रीस, बॅटरी, बोल्टांचे आटे. पहिली यादी तासांवर सोडली. दुसरी कॅलेंडरवर घेतली आणि तिच्यात सवलत ठेवली नाही.

एवढा आटापिटा कशाला, असं एका सभासदाने बैठकीत विचारलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, जुलै २०२१ मध्ये ५६ च्याही वर. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. तसल्या पाण्यात इंजिन भर प्रवाहात बंद पडलं, तर बोटीतली माणसं अडकतातच, त्यांना आणायला निघणारी दुसरी बोटही धोक्यात जाते. हे उत्तर दिल्यावर खर्चाला कुणी हरकत घेतली नाही.

२० ऑक्टोबर

पहिलं काम गिअर ऑइल. पुष्कळ जण हे पावसाळ्याच्या तोंडावर करतात. मी पावसाळा संपल्यावर करतो, कारण खालच्या गिअरकेसमध्ये पाणी शिरलं असेल तर ते आत्ताच कळायला हवं. मेपर्यंत तसंच राहिलं तर बेअरिंगना गंज चढतो आणि ऐन वेळी गिअर ओरडायला लागतात.

इंजिन सरळ उभं ठेवून आधी खालचा स्क्रू काढायचा, मग वरचा. वरचा निघाल्यावर हवा आत जाते आणि ऑइल मोकळं वाहतं. आमचं ऑइल काळपट पण स्वच्छ निघालं. दुधाच्या चहासारखं निघालं असतं तर सील गेलं असं समजून पुढचं सगळं थांबवलं असतं. खालच्या स्क्रूच्या टोकाला चुंबक आहे, त्याला बारीक करड्या भुकटीचा लेप होता. तो चालतो. लोखंडाचे कण किंवा कपच्या दिसल्या तर गिअरकेस उघडायचा.

भरताना उलटं : ऑइल खालच्या भोकातून पंपाने चढवायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि भरल्यासारखं वाटूनही ते कमी बसतं. वरून यायला लागलं की आधी वरचा स्क्रू बसवायचा, मग खालचा पंप काढून चटकन खालचा. दोन्ही स्क्रूंचे वॉशर दर वेळी नवे घालायचे. जुना वॉशर दबलेला असतो आणि पाणी शिरायची पहिली वाट तीच असते.

पंखा, म्हणजे बोट ढकलणारा प्रोपेलर, काढून शाफ्ट बघितला. मागे तंगूस गुंडाळलेला सापडला, गळ टाकणाऱ्यांचा तुटलेला. हा बारीक दोरा पंख्याच्या मागे जाऊन फिरत्या शाफ्टबरोबर सील कापतो. सील अजून शाबूत आहे. शाफ्टच्या दात्यांना मरीन ग्रीस लावून पंखा बसवला, कॉटर पिन नवी.

२७ ऑक्टोबर

इंजिन ऑइल. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेला ओलावा आणि आम्ल असतं. ते ऑइल सात-आठ महिने बेअरिंगांवर बसवून ठेवायचं आणि जूनमध्ये बदलायचं, यात अर्थ नाही. म्हणून ऑइल साठवणीच्या आधी बदललं, फिल्टरसकट.

त्यासाठी इंजिन आधी गरम केलं, दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये. पाणी पंपाच्या वर, म्हणजे पंख्यावरच्या आडव्या पत्तीच्या बरंच वर पाहिजे. न्यूट्रलमध्ये, मंद गतीवर, उघड्यावर. धूर बॅरलमध्येच सुटत असल्याने बंद खोलीत हे काम कधीच करू नये. बॅरलचं पाणी लवकर तापतं आणि घाण होतं, म्हणून नळी सोडून ते बदलत राहिलो. कोकणातले लोक इंजिन गोड्या पाण्याने धुतात ते मिठासाठी. आपल्याकडे मीठ नाही, पण पुराच्या पाण्यातला गाळ थंडाव्याच्या वाटांमध्ये बसून वाळतो, आणि वाळला की निघत नाही. थंडाव्याच्या पाण्याची बाहेर पडणारी धार स्वच्छ येईपर्यंत चालवलं.

१० नोव्हेंबर

दिवाळी झाली. आजची नोंद फक्त पेट्रोलवर, कारण पडून राहणारी इंजिनं सर्वांत जास्त पेट्रोलमुळेच अडतात.

पेट्रोलचा हलका, चटकन पेट घेणारा भाग आधी उडून जातो. मागे राहतं ते कार्बोरेटरच्या वाटीत घट्ट होत जातं आणि जेटच्या केसाएवढ्या भोकांत चिकट थर धरतं. इंजिन मग चोक ओढला तरच चालतं, चोक सोडला की मरतं. त्यात आता ई-२० ची भर. बोटीच्या इंजिनांची बहुतेक पुस्तकं १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं सांगतात, आणि पंपावर २० टक्क्यांचं पेट्रोल सर्रास मिळतं. आपल्या जिल्ह्यात इथेनॉलला नावं ठेवणं अवघड, उसाचं बिल त्यातूनही येतं. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा मर्यादेबाहेर गेला की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाची नळी तळातूनच ओढते. शिवाय जुन्या नळ्यांचं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं.

म्हणून मंडळात नियम ठरवला. बोटीच्या टाकीत पेट्रोल साठवायचं नाही. चालवून झालं की उरलेलं त्याच आठवड्यात सभासदांच्या दुचाकींत ओतायचं आणि पुढच्या वेळी ताजं आणायचं. चार स्ट्रोक इंजिनाचा हा मोठा फायदा, पेट्रोल साधं असतं म्हणून वाया जात नाही. शेजारच्या गावात दोन स्ट्रोकचं ओबीएम आहे. त्यांचं ऑइल मिसळलेलं पेट्रोल मोटारसायकलीत घालता येत नाही, मग ते कॅनमध्ये पडून राहतं आणि जूनमध्ये तेच वापरलं जातं. त्यांना सांगितलंय, लागेल तेवढंच कालवा.

कार्बोरेटर रिकामा करायची पद्धत : पेट्रोलची नळी काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, आणि त्यानंतरही वाटीच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेलं गाळायचं. इंजिन बंद पडलं म्हणजे वाटी कोरडी झाली असं होत नाही, तळाला थोडं राहतंच. आज स्क्रू सोडल्यावर बाटलीच्या झाकणात मावेल एवढं निघालं. जेटमध्ये गोठणारं ते हेच.

१५ डिसेंबर

बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसलेत, नदीला भरपूर आणि संथ पाणी आहे. महिन्यातून एकदा बोट पाण्यात घालून इंजिन चालवायचं, हा यंदाचा मुख्य कार्यक्रम.

यावर अण्णांशी बोलणं झालं. अण्णांचं सगळं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं बांधण्यात गेलं, आता वय झालंय, पण आवाज ऐकून दोष सांगतात. मी म्हटलं, ‘अण्णा, बोट काढायला माणसं मिळत नाहीत. दर आठवड्याला बॅरलमध्ये दोन मिनिटं सुरू करून बंद केलं तर?’

‘दोन मिंटं चालवून बंद कराचं आसलं तर चालवूच नगंस,’ अण्णा म्हणाले. ‘इंजान तापलं न्हाई की आतली वाफ आतच ऱ्हाती. त्यापरीस झाकून ठेव.’

त्यांचं बरोबर आहे. थंड इंजिनात जादा पेट्रोल जातं, ते सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. जळणातलं पाणी एक्झॉस्टमध्ये आणि ऑइलमध्ये साचतं. प्लग काळे पडतात. हे सगळं उडून जायला इंजिन पूर्ण तापावं लागतं आणि त्यावर भार पडावा लागतो. म्हणून बोटीत माणसं बसवून अर्धा तास, त्यातला काही वेळ तीन चतुर्थांश थ्रॉटलवर. नंतर पट्टी काढून ऑइल बघितलं, पातळी तीच आणि रंग स्वच्छ. पातळी वाढलेली दिसली तर ऑइलमध्ये पेट्रोल उतरलं असं धरायचं.

ज्यांना दर महिन्याला बोट काढणं जमत नाही, त्यांनी अर्धवट चालवण्यापेक्षा नीट साठवण करावी : कार्बोरेटर रिकामा, सिलिंडरमध्ये साठवणीचं ऑइल फवारलेलं, आणि मेमध्ये पूर्ण चाचणी.

१२ जानेवारी २०२५

चालवलं. ठीक. बॅटरी १२.५ व्होल्ट, घरी नेऊन चार्जिंगला लावली. १२.४ च्या खाली जाऊ द्यायची नाही, नाहीतर आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि मग ती पूर्ण चार्ज झाल्यासारखी दिसते पण ताकद देत नाही.

९ फेब्रुवारी

इंजिन सुरू झालं, पण थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार बाहेर आली नाही. लगेच बंद केलं. पंप गेला असं सगळ्यांना वाटलं. धारेच्या भोकात तार घातली तर वाळलेली माती निघाली. कुंभारीण माशी. खोलीत उभ्या इंजिनाचं भोक तिला घरट्याला योग्य वाटलं. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोकही असंच बुजतं, मग टाकीत हवा जात नाही आणि इंजिन थोडं चालून पेट्रोलअभावी बंद पडतं. दोन्ही भोकांवर आता बारीक जाळीचा तुकडा दोऱ्याने बांधलाय, तुकड्याला लांब लाल फडकं, म्हणजे बोट काढताना विसरायला होणार नाही.

झाकणाखाली उंदराच्या लेंड्याही दिसल्या. वायरी शाबूत आहेत. तालमीत शेंगदाण्याची पोती ठेवली होती ती दुसऱ्या खोलीत हलवायला लावली.

१६ मार्च

इम्पेलर. माझ्या मते या इंजिनातला सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि पडून राहण्याने सर्वांत आधी बिघडणारा.

गिअरकेसच्या वर, उभ्या शाफ्टवर, एका वाटीत रबराची पाकळ्यांची चकती फिरते. वाटीचा मध्य आणि शाफ्टचा मध्य जुळत नाहीत, त्यामुळे पाकळ्या एका बाजूला दबतात आणि दुसऱ्या बाजूला उघडतात. त्यातून पाणी वर ढकललं जातं. इंजिन उभं असतं तेव्हा काही पाकळ्या महिनोन् महिने वाकलेल्याच राहतात आणि रबर तसंच कायमचं मुडपतं. पुस्तकात तास काहीही असोत, पूरबोटीला इम्पेलर दरवर्षी नवा. किमतीच्या मानाने हा सगळ्यात स्वस्त विमा आहे. पाण्याबाहेर इंजिन काही सेकंदही सुरू करायचं नाही ते याच्यासाठीच. पाणी हेच त्याचं वंगण, कोरडा फिरला की जळतो.

गिअरकेस उतरवायला पाच बोल्ट. चार आरामात सुटले, एक अडला. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनिअमचं अंग ओलीत एकत्र राहिलं की आट्यांत पांढरी भुकटी धरते. जोर लावला असता तर डोकं तुटलं असतं. गंज सोडवणारं ऑइल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी थोडी उष्णता दिली, मग पुढे-मागे करत सुटला. बसवताना पाचही आट्यांना ग्रीस. दरवर्षी इम्पेलर बदलण्याचा हा आणखी एक फायदा : बोल्ट दरवर्षी सुटतात, म्हणून सुटण्याच्या लायकीचे राहतात.

जुन्या इम्पेलरच्या तीन पाकळ्या मुडपलेल्या, एकीच्या बुडाला बारीक चीर. नवा दुकानातून आणला तो पहिल्यांदा चुकीचा मिळाला, व्यास सारखा पण उंची कमी. जुना हातात धरून शेजारी लावून बघितल्याशिवाय घेऊ नये. वाटीच्या आत गाळाने पडलेल्या रेघा नखाला लागत नव्हत्या, म्हणून वाटी तीच ठेवली. नख अडकलं असतं तर तीही बदलली असती, कारण पुराचं वाळूमिश्रित पाणी नव्या इम्पेलरलाही तिथे पकडू देत नाही.

बसवताना पाकळ्यांना साबणाचं पाणी लावून, शाफ्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत वाटी खाली दाबायची. इम्पेलर शाफ्टला अडकवणारी लहान चावी ग्रीसवर चिकटवून ठेवायची, नाहीतर ती घसरून पडते आणि पंप फिरतच नाही. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस, पण अगदी टोकावर नाही. टोकावरचं ग्रीस दबून गिअरकेस वर बसू देत नाही आणि बोल्टांवर ताण येतो. गिअरचा रॉड जुळवून मगच बोल्ट आवळले. पुढे, मागे, न्यूट्रल, तिन्ही बरोबर पडतात.

बॅरलमध्ये चालवलं. धार जोरात.

२० एप्रिल

जोतिबाच्या यात्रेमुळे मागचा रविवार गेला. आज किरकोळ कामं. स्टिअरिंग आणि टिल्टच्या निपलांना ग्रीस, जुनं बाहेर येईपर्यंत. फळ्यावरचे पकड स्क्रू मोकळे फिरतात. प्लग काढले, तपकिरी, फट बरोबर, परत घातले. बदलायची गरज नव्हती.

ॲनोडबद्दल मात्र सांगितलं पाहिजे. गिअरकेसवरचा तो राखाडी धातूचा तुकडा इंजिनाऐवजी स्वतः झिजण्यासाठी असतो. आमच्यावर जस्ताचा होता. जस्त खाऱ्या पाण्यात चांगलं काम करतं, गोड्या पाण्यात त्याच्यावर थर धरतो आणि ते निकामी होतं. नदीसाठी मॅग्नेशिअम किंवा ॲल्युमिनिअम मिश्रधातूचा हवा. ॲल्युमिनिअमचा मागवला. शेजारच्या गावच्या इंजिनावर कुणीतरी हौसेने ॲनोडसकट रंग मारलाय. रंगवलेला ॲनोड असून नसल्यासारखा, तो खरवडून घ्यायला सांगितलं.

११ मे

पेट्रोलची नळी आणि हाताने दाबायचा रबरी फुगा बदलला. फुगा दाबून कडक झाल्यावर तसाच राहायला हवा. आमचा हळूहळू ढिला पडत होता, म्हणजे कुठेतरी हवा घेत होता. नळी इथेनॉल चालणाऱ्या रबराची आहे का हे विचारून घेतली. पेट्रोल फिल्टरही नवा.

बोटीतली पेटी भरली : जादा पंखा, कॉटर पिना, प्लग आणि त्याचा पाना, हाताने सुरू करायची दोरी, चाकू, तार, फ्यूज. जादा लाल दोरीही, म्हणजे चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची ती, जी सुटली की इंजिन बंद होतं. ती हरवली तर इंजिन सुरूच होत नाही, आणि कुणी स्विचला तार गुंडाळून काम भागवलं तर चालवणारा पडल्यावर बोट तशीच फिरत राहते. चाकू केंदाळासाठी, म्हणजे जलपर्णीसाठी. पुरात केंदाळ, उसाचा पाला, कुंपणाच्या तारा, सगळं पंख्यात येतं.

२७ मे

वळवाने आठवडाभर झोडपलंय, आणि काल मान्सून मुंबईत पोचला. आमच्या तक्त्यावर ‘१ जूनपर्यंत सज्ज’ असं लिहिलंय. यंदा ते तारखेने चुकलं असतं. नशिबाने मार्च-एप्रिलमध्ये मोठी कामं उरकली होती. तक्त्यावर आता ‘१० मेपर्यंत सज्ज’ असं केलं. बरगे काढायच्या आधी नदीला संथ पाणी असतं, पूर्ण भाराची चाचणी तेव्हाच होते. एकदा लाल पाणी आलं की चाचणी करायची जागाच राहत नाही.

आज पावसात चाचणी : लाइफ जॅकेट घालून सहा माणसं, पूर्ण थ्रॉटल, प्रवाहाविरुद्ध. आवाज एकसारखा, धार गरम पण हात ठेवता येईल इतकी. गिअर पुढून मागे टाकताना आधी न्यूट्रलवर थांबायचं, हे नव्या पोरांना परत परत सांगावं लागतं.

८ जून

सराव. चालवणारे आता चार जण तयार आहेत. प्रत्येकाकडून एकच गोष्ट पक्की करून घेतली : सुरू झाल्याबरोबर मागे वळून धार बघायची, आणि मग दर थोड्या वेळाने बघत राहायचं. धार थांबली की इंजिन बंद, वर उचल, जाळीत प्लास्टिक किंवा केंदाळ बघ. धोक्याचा भोंगा वाजेपर्यंत थांबायचं नाही, पावसात आणि आरडाओरड्यात तो ऐकूच येत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळचं, ८ ऑगस्ट २०१९ चं, नाव न घेता कुठलाच सराव पूर्ण होत नाही. तिथे पुरात बोट उलटली आणि माणसं गेली. इंजिन कितीही चांगलं ठेवलं तरी बोटीत माणसं किती घ्यायची हा निर्णय काठावरच करायचा असतो. आमच्या बोटीच्या कडेला मोठ्या आकड्यात ८ असं रंगवलंय, चालवणाऱ्यासकट. तो आकडा ओलांडायला सरपंचांनी सांगितलं तरी ऐकायचं नाही, असं सरपंचांच्या समोरच ठरवलं.

२० जुलै

काल बोट वापरली. नदी गढूळ, पाण्याला ओढ होती, पलीकडच्या वस्तीवरून एका बाळंतिणीला आणि तिच्या सासूला आणलं. इंजिन दुसऱ्या खेचेत सुरू झालं. परत येताना पंख्यात उसाचा पाला अडकला, काठाला लागून चाकूने काढला, पुढे निघालो.

आज सकाळीच बॅरलमध्ये स्वच्छ पाण्यावर चालवून गाळ काढला. पंखा उतरवून शाफ्ट पाहिला, पाल्याबरोबर पुन्हा तंगूस होताच. खालचा स्क्रू जरासा सैल करून गिअर ऑइलचा थेंब बोटावर घेतला, स्वच्छ आहे. पंख्याच्या एका पात्याला खाच पडलीय, ती कानशीने गोल केली. पंख्याच्या मधल्या भागावर, हबवर, रंगाची आडवी रेघ मारून ठेवली, म्हणजे आतलं रबर घसरलं तर रेघ तुटलेली दिसेल. टाकीतलं उरलेलं पेट्रोल दोन मोटारसायकलींत गेलं. ॲल्युमिनिअमचा ॲनोड अजून आलेला नाही, उद्या दुकानात परत विचारायचं.